तुमची बारोलो खराब नव्हती

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका निवृत्त इंजिनिअर काकांची लेक इटलीत, तोरिनोला शिकते. दिवाळीला येताना तिने २०१९ सालच्या बारोलोच्या दोन बाटल्या आणल्या. तिकडची सगळ्यांत मानाची रेड वाईन, म्हणून पदरचे बरेच पैसे घालून. काकांनी एक बाटली दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवली, पाहुणे आल्यावर उघडली आणि तांबड्या रश्शाबरोबर वाढली. रंग कोकम सरबतात पाणी जास्त झाल्यासारखा फिकट. चव अशी तुरट की जीभ टाळूला चिकटली. पाहुण्यांनी अर्धे ग्लास तसेच ठेवले. काकू तेवढ्या म्हणाल्या, की वास मात्र गुलकंदाच्या बरणीसारखा येतोय, आणि मागून जरासा डांबराचा. काका विचारतात: मुलीला कुणी फसवलं का? बाटली प्रवासात बिघडली का? आणि यांतलं काहीच झालं नसेल, तर या वाईनचं जगभर एवढं कौतुक कशासाठी?

काका, आधी तुमची काळजी मिटवतो. बाटली अस्सल होती, शाबूत होती. माझा पुरावा काकूंचं नाक. गुलाब आणि डांबर ही बारोलोची जगभर मानलेली ओळख आहे. परीक्षेला बसलेल्या वाईनच्या विद्यार्थ्यांना मी हे दोन वास महिनोन्‌महिने शिकवतो. काकूंनी ते कुणी न सांगता पकडले. वाईन खरोखर बिघडलेली असती तर वास वेगळा आला असता. बुचाच्या दोषाने ओल्या पुठ्ठ्याचा किंवा भिजलेल्या गोणपाटाचा वास येतो, उन्हात तापलेल्या बाटलीला शिजवलेल्या जॅमसारखा, आणि हवा शिरली असेल तर सरळ व्हिनेगरचा.

मी गेली वीस वर्षं या धंद्यात आहे. सुरुवात नाशिकच्या एका वायनरीत झाली, पुढे हॉटेलांत वाईन सांभाळली, आता शिकवतो. मधले दोन तोडणीचे हंगाम मी बारोलोच्या टेकड्यांवर काढले. त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे. या वाईनबद्दल मला थोडक्यात बोलता येत नाही.

रंगापासून सुरू करतो, कारण तुमची पहिली शंका तिथे आली. रेड वाईन जितकी काळी तितकी भारी, अशी एक समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. त्याचं कारण आपण बहुतेक कॅबरने आणि शिराज पितो, आणि त्या दोन्ही द्राक्षांच्या सालीत रंग ठासून भरलेला असतो. बारोलो ज्या द्राक्षापासून होते त्याचं नाव नेब्बिओलो. त्याच्या सालीत रंगद्रव्य मुळात बेताचं, आणि त्यातलाही मोठा भाग लवकर विरघळून मोडणाऱ्या प्रकारचा. म्हणून बारोलो तरुणपणीसुद्धा माणकासारखी पारदर्शक दिसते आणि काही वर्षांतच ग्लासच्या कडेला विटकरी झाक धरते. टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारा घटक, मात्र याच सालीत आणि बियांत भरपूर. वर आंबटपणाही चढा. दिसायला नाजूक आणि तोंडात गेल्यावर दणकट, अशी जोडी जगातल्या फार थोड्या द्राक्षांत सापडते. ग्लास पाहून जो अंदाज बांधावा तो पहिल्याच घोटाला खोटा ठरतो. तुमच्या पाहुण्यांचं नेमकं हेच झालं.

आता हे द्राक्ष जिथे वाढतं तिथे जाऊ. तोरिनोहून गाडीने तासाभराच्या अंतरावर लांगे नावाच्या टेकड्या लागतात. तानारो नदी, तिच्या काठचं आल्बा शहर, आणि दक्षिणेला एकामागून एक उंच धारा. प्रत्येक धारेवर एखादं गाव, गावाच्या टोकाला किल्ला नाहीतर चर्चचा मनोरा, आणि खाली उतारभर द्राक्षाच्या ओळी. बारोलो हे त्यांतलंच जेमतेम सातशे वस्तीचं एक गाव. वाईनला नाव त्याचं असलं तरी ती अकरा गावांच्या शिवारात होते. ला मोर्रा, मोनफोर्ते, सेर्रालुंगा, कास्तिल्योने फाल्लेत्तो ही त्यांतली मोठी नावं. सगळं मिळून क्षेत्र दोन हजार हेक्टरांच्या थोडं पुढे. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षाखालच्या जमिनीपुढे हे कोपऱ्यातलं वावर वाटेल.

नेब्बिओलो नाव इटालियन ‘नेब्बिया’ या शब्दाशी जोडतात. नेब्बिया म्हणजे धुकं. कुणी म्हणतं, ऑक्टोबरात तोडणीच्या वेळी दऱ्या धुक्याने भरतात म्हणून. कुणी म्हणतं, पिकलेल्या मण्यावर जी पांढुरकी झाक येते तिच्यावरून. मला दोन्ही पटतात. त्या दिवसांत सकाळी सातला बागेत उभं राहिलं की खालचं गाव दिसत नाही, आणि हातातला घडही धुक्यातून उचलल्यासारखा दिसतो.

हे द्राक्ष शेतकऱ्याची परीक्षा पाहतं. वसंतात सगळ्यांच्या आधी फुटतं, म्हणजे उशिराचं गोठलेलं दहिवर पडलं की पहिला मार यालाच. पिकतं मात्र सगळ्यांच्या शेवटी, पार ऑक्टोबरात, म्हणजे शरदाचा पाऊसही यालाच गाठतो. काडीच्या बुडाचे पहिले काही डोळे वांझ असतात, त्यामुळे काडी आखूड छाटून चालत नाही; लांब ठेवून तारेवर वाकवावी लागते. आपल्याकडचे बागायतदार ऑक्टोबर छाटणीआधी डोळे तपासून घेतात, घड नेमका कितव्या डोळ्यात आहे ते बघायला. त्यांना हे दुखणं एका वाक्यात कळेल. उत्पादनावरही बंधन आहे: हेक्टरी आठ टनांच्या वर माल घेतला तर त्या वाईनवर बारोलो लिहिता येत नाही. एकरी सव्वातीन टन झाले. खाण्याच्या द्राक्षाचे एकरी दहा-बारा टन काढणारा आपला माणूस हा आकडा ऐकून दोनदा विचारतो.

तिथल्या पहिल्या हंगामात मालकांनी मला सप्टेंबरच्या मध्याला एक मणी खायला दिला. गोड होता. मी म्हटलं, झाला तयार. ते म्हणाले, बी चाव. बी हिरवट होती, दाताखाली लिबलिबीत, आणि असा कडू तुरटपणा सुटला की मी थुंकून टाकलं. पुढे दर चार दिवसांनी त्याच ओळीतला मणी, तीच बी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बी तपकिरी झाली होती, भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कुरकुरीत फुटली, आणि साल चावल्यावर पहिल्यांदा मला ग्लासमधला तो गुलाब फळात सापडला. तेव्हा त्यांनी कात्री हातात दिली. गोडी आधी येते, तुरटपणा मवाळ व्हायला त्यानंतर तीन-चार आठवडे लागतात. त्या टेकड्यांवर उन्हाकडे तोंड केलेल्या उताराला जी किंमत आहे ती या तीन-चार आठवड्यांची आहे. उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारावर नेब्बिओलो लावली तर ती बारोलोत धरत नाहीत. तिथे हेझलनटची झाडं लावतात, आणि त्या हेझलनटची दुसरी गोष्ट आहे, ती पुढे सांगतो.

माती दोन तऱ्हेची. पश्चिमेला, ला मोर्रा आणि बारोलोच्या बाजूला, निळसर चुनखडीमिश्रित माती. तिथली वाईन सुगंधी आणि तुलनेने लवकर बोलणारी. पूर्वेला सेर्रालुंगा आणि मोनफोर्तेकडे अधिक जुने, कडक थर. तिथली वाईन बंद मुठीसारखी, दहा-पंधरा वर्षं काही सांगतच नाही. तुमच्या बाटलीवर गावाचं नाव असेल तर बघा. सेर्रालुंगा असेल तर तुम्ही एका कुमारवयीन पैलवानाची बाटली उघडलीत.

इतिहासात एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इथली वाईन बरीचशी गोडसर असायची. तोडणी ऑक्टोबरात, लगेच नोव्हेंबरची थंडी. तळघरात यीस्ट गारठून थांबायचं आणि साखर पिंपात तशीच राहायची. मग कामिल्लो काव्हूर आले, जे पुढे १८६१ साली एकसंध इटलीचे पहिले पंतप्रधान झाले. ते १८३२ पासून सतरा वर्षं ग्रिन्झाने गावचे महापौर होते आणि घरची बाग बघत होते. त्यांनी आणि बारोलोच्या जहागीरदारीण जूलिया फाल्लेत्ती यांनी लुई उदार नावाच्या फ्रेंच माणसाला बोलावलं आणि त्याने साखर पूर्ण आंबवून कोरडी वाईन करायला शिकवलं, असं ते कथानक. अलीकडे जुने कागद वाचून अभ्यासकांनी ते तपासलं. उदार मुळात व्यापारी होता, आणि त्याच्याआधी पाओलो फ्रांचेस्को स्तालिएनो या लष्करी अधिकाऱ्याने १८३५ मध्येच कोरड्या, टिकाऊ वाईनची पद्धत छापून काढली होती; काव्हूरनी ग्रिन्झानेच्या तळघरासाठी त्यालाच नेमलं होतं. मला ही दुसरी हकिगत खरी वाटते. फ्रेंच तज्ज्ञ येऊन गावकऱ्यांना शहाणं करून गेला, ही गोष्ट ऐकायला सोपी आहे म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली असावी.

जूलिया फाल्लेत्तींबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. फ्रान्समध्ये जन्मलेली ही बाई लग्न करून तोरिनोत आली. पतीचं १८३८ मध्ये निधन झालं, मूलबाळ नव्हतं. तिने तोरिनोच्या तुरुंगातल्या बायकांसाठी आयुष्य वेचलं. त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, सुटून आल्यावर राहायला आसरा उभा केला. बारोलोची बाग आणि तळघर याच बाईच्या हाताखाली नावारूपाला आलं. दंतकथा अशी आहे, की राजा कार्लो आल्बेर्तोने एकदा विचारलं, तुमच्या वाईनचं इतकं ऐकतो, चाखायला कधी मिळणार? तर तिने तोरिनोला पिंपांची रांग पाठवली. तीनशे पंचवीस पिंपं, ईस्टरआधीच्या उपवासाचे चाळीस दिवस सोडून वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. आकडा खरा-खोटा देव जाणे. पण बारोलो राजवाड्यात पोचली ती याच काळात. १८६४ मध्ये ती गेली आणि मालमत्ता तिच्याच नावाच्या धर्मादाय संस्थेकडे आली. पुढचा राजा व्हित्तोरियो एमानुएले दुसरा याने १८५८ मध्ये सेर्रालुंगाजवळची फोन्तानाफ्रेद्दा ही जमीन घेतली आणि ती रोझा व्हेर्चेल्लाना या आपल्या प्रेयसीच्या नावे केली. ती सैन्यातल्या एका साध्या माणसाची मुलगी. राजाने तिच्याशी उशिरा का होईना लग्न केलं. त्यांच्या मुलाने १८७८ मध्ये तिथे वाईनचा धंदा थाटला. ‘राजांची वाईन, वाईनांचा राजा’ हे बिरुद इथून येतं.

पण राजांचं नाव बाटलीवर आणि उपास बागेत, अशी तिथली स्थिती पुढची शंभर वर्षं होती. हा भाग पर्यटकांना कमी सांगतात. फिलॉक्सेरा किडीने मुळं खाल्ली, दोन महायुद्धं झाली. दुसऱ्या महायुद्धात १९४४ च्या शरदात बंडखोर पार्टिझानांनी आल्बा शहर तेवीस दिवस जर्मन आणि फॅसिस्टांच्या हातून सोडवून ठेवलं होतं. या बागांच्या ओळींमधून लढाया झाल्या. शेतकरी बहुतेक अल्पभूधारक. तो स्वतः वाईन बाटलीत भरत नसे. द्राक्षं गाडीवर घालून आल्बाच्या चौकात न्यायची आणि दलालाची वाट बघायची. ऊन चढत जायचं, फळ तापायचं, भाव उतरायचा. संध्याकाळी जो मिळेल त्या भावाला माल सोडून माणूस घरी यायचा. ज्यांनी भर हंगामात व्यापाऱ्याच्या फोनची वाट पाहिली आहे त्या निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला यापुढे मी काही समजावून सांगायची गरज नाही.

युद्ध संपल्यावर पोरं गावं सोडून निघाली. त्या वेळी आल्बात १९४६ मध्ये फेरेरो नावाच्या मिठाईवाल्याचा कारखाना उभा राहिला. कोको महाग म्हणून त्याने टेकड्यांवरचे हेझलनट चॉकलेटमध्ये घातले. पुढे त्यातूनच न्यूटेला आली, जी तुमची नातवंडं पोळीला लावून खातात. फेरेरोने गावोगावी बस पाठवल्या. माणसं पाळीला कारखान्यात आणि उरलेल्या वेळात बागेत. शेतकऱ्याला जमीन विकून तोरिनोच्या मोटार कारखान्याकडे जावं लागलं नाही. बारोलोच्या कित्येक बागा त्या बसमुळे वाचल्या, असं मला तिथल्या वयस्कर माणसांनी सांगितलं, आणि मला त्यात अतिशयोक्ती वाटली नाही.

पुढची पायरी म्हणजे आपलं नाव बाटलीवर घालणं. १९६१ च्या तोडणीपासून बेप्पे कोल्ला यांनी बुस्सिया, आणि व्हिएत्ती घराण्याने रोक्के, अशा एकेका शिवाराच्या वेगळ्या बाटल्या काढल्या. तोपर्यंत निरनिराळ्या उतारांचा माल एकत्र करणं हाच रिवाज होता. रेनातो रात्ती यांनी १९७० च्या दशकात कुठल्या उताराची वाईन कशी, याचा नकाशा काढला. १९६६ मध्ये कायद्याने नाव राखलं गेलं, १९८० मध्ये इटलीचा सर्वांत वरचा दर्जा मिळाला, २०१० मध्ये शिवारांच्या नावांची अधिकृत यादी झाली आणि २०१४ मध्ये युनेस्कोने या टेकड्यांना जागतिक वारसा ठरवलं. कान्नूबी हे शिवार मात्र या सगळ्याच्या किती आधीचं! त्याचं नाव लिहिलेली १७५२ सालची बाटली तिथे अजून जपून ठेवली आहे.

आता तुमच्या तुरटपणाकडे येतो, कारण त्यावरून त्या गावांत खरोखर घरं फुटली.

जुनी पद्धत अशी. द्राक्ष फोडून सालीसकट आंबवायचं, आणि आंबणं संपलं तरी साली काढायच्या नाहीत. महिना, दीड महिना, कधी दोन. वर तरंगणाऱ्या साली लाकडी फळ्यांनी रसात दाबून ठेवायच्या. मग वाईन मोठ्या पिंपांत. ही पिंपं खोलीएवढी, काही हजार लिटरांची, जुन्या ओकची. त्यांतून लाकडाचा वास येत नाही, फक्त श्वास घेण्याइतकी हवा येते. तिथे वर्षानुवर्षं. ही वाईन तरुणपणी पिववत नाही. आजोबांनी भरायची आणि नातवाने उघडायची.

एलिओ आल्तारे हा ला मोर्राचा तरुण शेतकरी १९७६ मध्ये फ्रान्समध्ये बर्गंडीला जाऊन आला. तिथले शेतकरी सुखात, इथले कर्जात. परतल्यावर त्याने हिरवे असतानाच घड विरळ केले. आपल्याकडे विरळणी रोजची गोष्ट आहे. त्या गावात मात्र अन्न मातीत फेकणं म्हणून लोक हादरले, कारण त्यांनी भूक पाहिली होती. १९८३ मध्ये त्याने यांत्रिक करवत घेतली आणि तळघरातली बापाची मोठी पिंपं कापून टाकली. त्यांच्या जागी बॅरिक आणली, सव्वादोनशे लिटरांची नवी फ्रेंच पिंपं. बापाने त्याला वारसातून काढलं, आणि बाप १९८५ मध्ये गेला तेव्हा मृत्युपत्र तसंच राहिलं होतं. आल्तारे आणि त्याच्या सोबत्यांनी साली काही दिवसांतच काढायला सुरुवात केली. वाईन गडद, मवाळ, व्हॅनिलाच्या वासाची झाली, लवकर पिण्याजोगी झाली, अमेरिकेत हातोहात खपली आणि टेकड्यांवर पहिल्यांदा पैसा आला.

दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो. बारोलो गावातले, वडिलांसारखेच चार शिवारांचा माल एकत्र करून एकच वाईन करणारे. उतारवयात चाकाच्या खुर्चीत बसून ते बाटल्यांची लेबलं हाताने रंगवत. त्यांतलं सगळ्यांत गाजलेलं लेबल म्हणतं: ‘ना बॅरिक, ना बेर्लुस्कोनी’. बेर्लुस्कोनी म्हणजे तेव्हाचे इटलीतले बडे राजकीय नेते. २००५ मध्ये ते गेले. लेक मारिया तेरेझा त्याच पद्धतीने वाईन करते. मोनफोर्तेच्या जाकोमो कोन्तेर्नो घराण्याची मोनफोर्तीनो ही याच जुन्या रीतीची, आणि आज लिलावात तिला मिळणारी किंमत पाहून डोळे फिरतात.

मला विचाराल तर माझं मन मोठ्या पिंपाकडे आहे. नव्या लाकडाचा व्हॅनिला मला जगात कुठेही मिळतो. तो गुलाब आणि ते डांबर फक्त या टेकड्यांवर मिळतं, आणि एकाने दुसऱ्याला झाकू नये. पण आल्तारेंचं ऋण मोठं आहे. तळघरं त्यांनी स्वच्छ करायला लावली, घाणेरड्या जुन्या पिंपांचा कुबट वास हा परंपरेचा भाग नसतो हे दाखवून दिलं, आणि लहान शेतकऱ्याला स्वतःची बाटली भरायचं धाडस दिलं. आज बहुतेक घरं मधला रस्ता धरतात: साली तीन-चार आठवडे, पिंपं पुन्हा मोठी. हवामानही बदललं. पूर्वी नेब्बिओलो पूर्ण पिकेल असं वर्ष दहांत तीन-चारदा यायचं, आता बहुतेक वर्षी पिकते. त्यासोबत अल्कोहोल साडेचौदा-पंधरा टक्क्यांवर जातं, ही वेगळी चिंता.

कायदा आजही घाई करू देत नाही. तोडणीच्या वर्षाच्या एक नोव्हेंबरपासून मोजून निदान अडतीस महिने, त्यांतले अठरा लाकडात. ‘रिझेर्व्हा’ लिहायचं तर बासष्ट महिने. म्हणजे तुमची २०१९ ची बाटली २०२३ मध्ये दुकानात आली. आणि २०१९ हे तिथे चांगलं, जुन्या वळणाचं वर्ष. हंगाम लांब चालला, टॅनिन भरभक्कम उतरलं. अशी वाईन दुकानात येते तेव्हा तिला विकायची परवानगी मिळालेली असते, ती पिकलेली असतेच असं नाही. आपण हापूस आढीत घालतो तसा तिला अजून वेळ लागतो.

आता त्या संध्याकाळी काय झालं ते बघू. फ्रिजमधून काढलेली वाईन पाच-सहा अंशांवर असते. गारव्यात सुगंध दबतो आणि तुरटपणा दुप्पट टोचतो. बाटली उघडून लगेच ओतली, हवा मिळाली नाही. आणि समोर तांबडा रस्सा. तिखटाची आग, साडेचौदा टक्के अल्कोहोलची आग आणि टॅनिनचा खरखरीतपणा एकमेकांना पेटवतात. यात रश्शाचीही चूक नाही आणि वाईनचीही नाही. कुणाची कुणाशी एका खोलीत गाठ पडली, इतकंच.

दुसऱ्या बाटलीसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कडक कोरा चहा तोंड आवळतो, त्यात दूध घातलं की तोच चहा मऊ होतो. दुधातली प्रथिनं चहाच्या टॅनिनला धरून ठेवतात, म्हणून ते जिभेवरच्या लाळेला धरत नाहीत. बारोलोला हेच दूध जेवणातून द्यायचं असतं. तिकडे ती बारोलोतच तासन्‌तास शिजवलेल्या मांसाबरोबर पितात, अंड्याच्या बलकाने पिवळ्या झालेल्या तायारिन नावाच्या शेवयांवर लोणी आणि आल्बाची पांढरी ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी, किसून पितात, जुन्या चीजबरोबर पितात. तुमच्या घरात याचा जोडीदार आहे: आळणी मटण. मीठ, आलं-लसूण, थोडी हळद, चरबीचा तुकडा असलेलं, नळीचं मटण मंद आचेवर हाडापासून सुटेपर्यंत शिजवा. पांढरा रस्सा करणार असाल तर मिरीवर हात राखा. मांस नको त्यांच्यासाठी लोण्यात परतलेली अळंबी चालेल. मातीचा तो वास बारोलोला भावासारखा ओळखतो.

बाटली माळ्यावर किंवा स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवू नका. पुण्याचा एक उन्हाळा तिला पुरेल. तुमच्या ओळखीत कुणाकडे बारा-चौदा अंशांचं वाईनचं कपाट असेल तर तिथे आडवी ठेवा आणि २०३० च्या आधी तिच्याकडे बघू नका. तशी सोय नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि येत्या डिसेंबर-जानेवारीत, लेक सुट्टीला येईल तेव्हा उघडा. जेवण रात्री नऊला असेल तर बाटली दुपारी दोनला बाहेर काढा. तीनच्या सुमाराला बूच काढून वाईन काचेच्या रुंद जगमध्ये ओता आणि तशीच राहू द्या. खोली गरम वाटली तर जेवणाआधी दहा मिनिटं जग फ्रिजमध्ये. सोळा-सतरा अंश हवेत, म्हणजे हाताला गार लागेल पण काचेवर बाष्प धरणार नाही इतकं. ग्लास मोठ्या पोटाचे घ्या आणि तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरू नका.

पहिला घोट तीनलाच, जगमध्ये ओतताना घ्या, मग सहाला एक, मग ताटाबरोबर. पेलाभर वाईन बाटलीत परत ओतून बूच लावून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती काकूंना द्या. गुलकंद, डांबर, त्याच्या मागे ज्येष्ठमध, वाळलेली चेरी, नवी चामड्याची चप्पल, कदाचित काताचा वास. काकूंना यांतलं काय काय सापडलं, आणि मी न लिहिलेलं आणखी काय सापडलं, ते मला नक्की कळवा.